खिशातला फ्यूज

३ मार्च, सोमवार

कार्यालयाने कामाची नोंदवही दिली आहे. तिच्यात तारीख, जागा, काम आणि सही एवढेच रकाने. मत लिहायला रकाना नाही. एकतीस वर्षं मी मतं तोंडानेच मांडत आलो, त्याचा परिणाम म्हणून जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असते. तेव्हा ही वही वेगळी आणि कुलपात.

काम असं. डोंगरातल्या सहा दवाखान्यांच्या गच्चीवर एकेक छत्री बसवायची. छत्री म्हणजे ती पत्र्याची, ताटासारखी. तिच्या दांड्याच्या टोकाला साबणाच्या पेटीएवढा रेडिओ असतो, तो उपग्रहाशी बोलतोही आणि त्याचं ऐकतोही. टेलिफोनची जुनी तार एप्रिलअखेर बंद होणार. त्यानंतर तिथल्या सिस्टरला मोठ्या डॉक्टरला काही विचारायचं झालं तर या पेटीशिवाय गत्यंतर नाही.

साहेबांनी शब्द दिलाय. सहाही जागा विनाअपघात झाल्या तर एप्रिलमध्ये निवृत्ती नाही, आणखी दोन वर्षं सुरक्षा प्रशिक्षक. नाही झाल्या तर घरी बसायचं आणि हिला भाजी निवडायला मदत करायची. भाजी निवडण्याबद्दल माझा आक्षेप नाही. पण ही मला निवडू देत नाही, म्हणते, "अहो, किडकी पानं तशीच ठेवता तुम्ही."

हाताखाली कोण दिलंय, तर आमची सून. दोन वर्षांपूर्वी खात्यात लागली. माझ्या वशिल्याने नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. कोणी विचारलं नसलं तरी सांगतो.

६ मार्च, गुरुवार

पहिली जागा. सुनेला बाकावर बसवून पाऊण तास सुरक्षेवर बोललो. सिस्टर आणि दोन पेशंटही ऐकत होते, त्यांना उठता येत नव्हतं.

विजेच्या तारांपासून छत्री लांब. अर्थिंगची तार आधी, बाकी सगळं नंतर. वारा सुटला तर गच्चीवरून खाली, चर्चा न करता. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पेटी चालू असताना तिच्यासमोर उभं राहायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या लहरींना ना आवाज, ना वास, ना उजेड. माणूस त्याने लगेच मरत नाही. पण जवळून तोंड घातलं तर आधी डोळा भाजतो, कारण तिथली ऊब वाहून न्यायला डोळ्यात पुरेसं रक्त नसतं. आणि भाजल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून माझा नियम. खात्यात तो माझ्या नावाने ओळखला जातो. वर जाणाऱ्याने खालच्या बोर्डातून पेटीचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालून शिडी चढायची. फ्यूज खिशात असेपर्यंत खालून कोणी कितीही बटणं दाबली तरी पेटीला वीज मिळत नाही. हा नियम मी चोवीस वर्षांपूर्वी केला, एका मठ्ठ माणसाने मी वर असताना बटण दाबलं होतं म्हणून. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

सून म्हणाली, "बाबा, नियम चांगला आहे." कुणाचंही कौतुक न करणारी मुलगी, त्यामुळे बरं वाटलं.

११ मार्च, मंगळवार

दुसऱ्या दवाखान्याची शिडी सदोष. तिसरी पायरी जिथे असायला हवी तिथे नव्हतीच. नडगी सोलली. शिडीबद्दल नोंदवहीत कडक शेरा मारला. सुनेने नंतर तीच शिडी चार वेळा चढली-उतरली आणि तिला काही सापडलं नाही. वजन कमी असलं की दोष कळत नाहीत.

गुडघा दुखतोय या सबबीवर यापुढे मी खाली बोर्डाजवळ थांबणार आणि ती वर जाणार, असं ठरलं. ठरवलं तिनेच. मी फक्त होकार दिला, तोही जरा ताणून धरून.

त्यावरून नियमात एक सुधारणा केली. खाली प्रमुख थांबत असेल तर फ्यूज प्रमुखाच्या खिशात असावा. जबाबदार माणसाकडेच असलेला बरा. सून ताडकन म्हणाली, "पण बाबा, तुमचाच नियम आहे ना, जो वर जाईल त्याच्या खिशात?" मी म्हटलं, नियम करणाऱ्याला नियम बदलता येतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. पण बोर्डातून मी काढणार आणि मीच तुमच्या हातात देणार. आणि खाली आल्यावर लावणार पण मीच."

इतका मान मला माझ्या स्वतःच्या मुलाने दिलेला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

ठरल्याप्रमाणे चाललंय. वर जाण्याआधी ती काचेचा तो छोटा नळीसारखा फ्यूज माझ्या तळव्यावर ठेवते आणि म्हणते, "बघून घ्या बाबा." मी बघतो, मान डोलावतो, खिशात टाकतो. ती क्षणभर तिथेच घुटमळते. मग जाते. रोज हाच प्रकार. काय बघायचं असतं फ्यूजमध्ये? पण तिला विधी आवडतात, करू दे.

एक गोष्ट मात्र खटकते. मी आवळलेला प्रत्येक नट ती परत तपासते. मी लावलेली चिकटपट्टी सोडवून पुन्हा लावते. आज मी विचारलंच, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाली, "सवय आहे बाबा." तरुण पिढीत आत्मविश्वासच नाही. कसं व्हायचं यांचं.

घरी आलो तर हिने माझ्या औषधांच्या बाटल्यांना रंगीत रबरं लावली आहेत. सकाळची लाल, रात्रीची पिवळी. औषधाच्या कंपन्या हल्ली लेबलवर इतकं बारीक छापतात की त्यांना वाचकांची गरज उरलेली नाही असं दिसतं. पेपरवाल्यांचंही तेच. बरं, ही पेपर मोठ्याने वाचून दाखवते. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर बाईला नवऱ्याशी बोलावंसं वाटतंय, मी कशाला अडवू.

२० मार्च, गुरुवार

चौथी जागा झाली. आज हसावं की रडावं असा प्रसंग.

पेटी चालू झाल्यावर चाचणीसाठी शहरातल्या डॉक्टरांना पडद्यावर बोलवायचं असतं. सुनेने नेमके डोळ्यांचे डॉक्टर लावले. म्हणाली, तेच मोकळे होते. मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. डॉक्टर म्हणाले, खिडकीकडे बघा, आता कॅमेऱ्याकडे, डोळा मोठा करा, सिस्टर जरा टॉर्च मारा. मी सगळं केलं, चित्राचा दर्जा तपासायचा तर सहकार्य नको का.

शेवटी ते म्हणाले, "आजोबा, दोन्ही बुबुळांवर पांढरट धुकं आहे. किती दिवसांपासून त्रास आहे?"

आता धुकं दिसतंय म्हणजे काय? म्हणजे सिग्नल कमी. मी सुनेला सरळ सांगितलं, चित्र पांढुरकं जातंय, वर जा आणि छत्री अर्धा अंश फिरव. तिने कपाळाला हात लावला. "बाबा, चित्र स्वच्छ आहे." मी म्हटलं, डॉक्टर खोटं बोलतील का? ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी." आणि तरी गेली बिचारी वर, पुन्हा फ्यूजचा विधी करून.

फिरवून आल्यावरही डॉक्टर धुकंच म्हणत होते. मी पेटी बनवणाऱ्यांना तक्रार लिहिणार आहे. पडद्यावरून जाताना डॉक्टर म्हणाले, एकदा येऊन भेटा, छोटंसं ऑपरेशन आहे, अर्ध्या तासाचं. मी म्हटलं, एप्रिलमध्ये बघू. आजोबा कोण म्हणे. मला अजून नातवंडसुद्धा नाही.

जीपमध्ये सून एकदम म्हणाली, "बाबा, शेवटच्या दोन जागा मी दुसऱ्या कुणाला घेऊन करू का?" म्हणजे माझी दोन वर्षं गेली. मी तिला तेवढंच सांगितलं. ती बाहेर बघत बसली.

२१ मार्च, शुक्रवार

नको ते मनात येतं. जीपच्या काचेतून काल मला समोरचा ट्रक दिसला तेव्हा तो बराच जवळ होता. काच घाण असणार. चालकाला पुसायला सांगितली. त्याने पुसली, पण आधी माझ्याकडे विचित्र बघितलं.

२७ मार्च, गुरुवार

सहावी जागा. हे मी जसं झालं तसं लिहितो.

सकाळी अकरा. पाचवी जागा मंगळवारी बिनबोभाट झाली होती, मी खुशीत होतो. सून वर गेली, पेटीचं झाकण घट्ट करायला. फ्यूज माझ्या खिशात. मी बोर्डाच्या खोलीत. खोलीच्या दारातून मागचं अंगण दिसतं. तिने कामाचं नारिंगी जॅकेट घातलं होतं.

वीसेक मिनिटांनी नारिंगी रंग अंगणात दिसला. मी ओरडलो, "आलीस का? झालं?" तिने मान हलवली. शपथेवर सांगतो, मान हलवली. मी म्हटलं, मग आज मीच लावतो, शेवटची जागा आहे, मानाचं काम. फ्यूज खिशातून काढला, बोर्डात बसवला आणि बटण दाबलं.

दिवा लागला की नाही ते बघायला मला हल्ली जरा वाकावं लागतं. वाकलो. नव्हता लागला. पुन्हा दाबलं. अंगणाकडे बघून म्हटलं, "अगं, जरा आत येऊन दिवा बघ बरं."

आवाज वरून आला. गच्चीवरून. "बाबा, काय करताय?"

मी म्हटलं, "तू वर काय करतेस?"

"झाकण लावतेय. तोंड पेटीसमोर आहे माझं."

मी अंगणात गेलो. दोरीवर सिस्टरने नारिंगी चादर वाळत घातली होती. वाऱ्याने हलत होती. मी तिच्याशी बोललो होतो, दोनदा.

तिथेच पायरीवर बसलो. ती खाली आली, माझ्यासाठी पाणी आणलं. माझं एकच चाललं होतं, बटण दोनदा दाबलंय, पेटी चालू का नाही झाली, तुझे डोळे बघू, तुझे डोळे बघू. तिने शांतपणे बोर्डातला फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला.

"बघा बाबा."

मी नाकाला लावून बघितला. काच. मला काचच दिसली. मग तिने मीटरच्या दोन तारा त्याला लावल्या. चांगल्या फ्यूजला मीटर वाजतो. वाजला नाही.

"उडालेला आहे. आतली तार तुटलीय, टोकाला काच काळी पडलीय. आत्ता नव्हे, पहिल्यापासून. चांगला माझ्या खिशात असतो." तिने खिसा थोपटला. "दुसऱ्या जागेपासून रोज तुमच्या हातात हाच देतेय. रोज म्हणते, बघून घ्या. तुम्ही ज्या दिवशी म्हणाला असतात की अगं हा तर उडालेला आहे, त्या दिवशी मी चांगला तुमच्याकडे दिला असता."

पहिल्या महिन्यातल्या शिकाऊलाही दिसलं असतं ते. मी रोज मान डोलावत होतो.

मी विचारलं, वर गेल्यावर तुला लहरींची भीती वाटायची का? विचारायला नको होतं. म्हणाली, "नाही. तुमची वाटायची."

२८ मार्च, शुक्रवार

पेटी कालच चालू झाली. तिनेच केली. सहावी जागा पूर्ण, कुणाला ओरखडाही नाही.

तिने नोंदवहीत लिहिलंय, "फ्यूज खराब निघाला, बदलला. काम पूर्ण." एकही शब्द खोटा नाही. खाली माझ्या सहीची जागा. म्हणाली, "सही करा बाबा. दोन वर्षं मिळतील. पण ऑपरेशन करून घ्या, एवढं ऐका माझं."

मला तिचा राग आला. पंधरा दिवस मला खेळवलंन्. एका उडालेल्या फ्यूजवर माझी परीक्षा घेतली आणि घरी येऊन मला निमूट वाढत राहिली. आणि त्याच वेळी असं वाटलं की तिच्या पायावर डोकं ठेवावं. सासऱ्याने तसं करायचं नसतं, म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसलो.

एकतीस वर्षांत अपघाताचा जो जो अहवाल आला त्यात "चूक कुणाची" हा रकाना मी कधी मोकळा सोडला नाही. दरवेळी दुसऱ्याचं नाव असे, पण असे. सही केली नाही. तिचं पान तसंच ठेवलं आणि वेगळ्या कागदावर सगळं लिहिलं. चादर, बटण, उडालेला फ्यूज, तिने तो कधीपासून दिला, सगळं. साहेबांना पाठवलं. छाती हलकी झाली. अशा प्रामाणिक माणसाला तर प्रशिक्षक करायलाच हवं, असंही एकदा मनात येऊन गेलं. वही खाजगी आहे म्हणून लिहितो.

१ एप्रिल, मंगळवार

नोटीस आली. मला नाही. तिला.

प्रमुखाच्या हाती जाणूनबुजून निकामी फ्यूज दिला. प्रमुखाला दिसत नाही हे माहीत असून पंधरा दिवस वरिष्ठांना कळवलं नाही. तीन दिवसांत खुलासा द्या, तोवर गच्चीवर चढू नका, खुलासा समाधानकारक नसल्यास सेवा समाप्त. माझ्या अहवालातलीच वाक्यं आहेत. मी किती सविस्तर लिहितो ते नोटीस वाचून कळलं.

म्हणजे हिने वाचून दाखवली तेव्हा कळलं. वाचता वाचता हिचा आवाज चढला. "एवढं खरं लिहायची हौस होती तर पोरीचं नाव कशाला घातलंत? आणि दिसत नाही हे लपवलं म्हणून नोटीस येत असेल तर मला पण येऊ दे एक. मी महिनोन्‌महिने पेपर वाचून दाखवतेय, तो काय मला गाता येतं म्हणून?"

चिरंजीवांचा फोन आला होता, सुनेने त्याला सांगितलं सगळं ठीक आहे. मग भाजी निवडायला बसली. मी समोर बसलो. तिने माझ्यापुढची पानं हळूच स्वतःकडे ओढली.

मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "कोणतं, बाबा?" टोमणा नव्हता. खरोखरच यादी बरीच आहे.

३ एप्रिल, गुरुवार

साहेबांकडे जाऊन आलो. एकटा जाणार होतो, ही बरोबर आली आणि जिन्यावर माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही.

साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना नियम शिकवले मीच. म्हणाले, "तुम्हीच लिहिलेल्या नियमांच्या पुस्तकात आहे, वरिष्ठाला अंधारात ठेवून सुरक्षेची व्यवस्था बदलायची नाही. मी काय करू?" मी म्हटलं, तिने ती बदलली म्हणूनच ती आज धडधाकट आहे. ते म्हणाले, "पटतं मला. पण कागदावर काय लिहू?"

मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "हे तुमच्याच सूचनेने झालं असतं तर प्रश्नच नव्हता. म्हणजे तुम्हाला दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि खबरदारी म्हणून तुम्हीच तिला सांगितलंत की माझ्या हाती चालू फ्यूज देऊ नकोस. तसं असेल तर तिच्यावर काहीच येत नाही. मात्र दृष्टी नसताना तुम्ही काम अंगावर घेतलंत असा अर्थ होईल. मग प्रशिक्षकाचं मी पुढे रेटू शकणार नाही. तीस एप्रिलला निरोप समारंभ."

मी म्हटलं, मी खोटं लिहीत नाही. साहेब म्हणाले, "माहितीये. म्हणून तर उद्यापर्यंत वेळ देतोय."

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळीच लिहिलं. जाड पेन घेतलं. दोनच वाक्यं. "माझी दृष्टी कमी झाल्याचं मला काम सुरू होण्याआधीपासून माहीत होतं. त्यामुळे माझ्या हाती निकामी फ्यूज द्यावा, अशी तोंडी सूचना मीच तिला दिली होती."

खोटं लिहायचा सराव नाही. साहेबांना पकडता येईल का, म्हणून हिला मोठ्याने वाचायला सांगितलं. हिने वाचलं. विचारलं, ऐकून खोटं वाटतं का?

"दुसरं वाक्य वाटतं," ही म्हणाली. "पोरीला तुम्ही कसली सूचना देताय. पण चालून जाईल."

"आणि पहिलं?"

ही चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. "त्यात काय खोटं आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं. शिडी होती, काच होती, लेबलं होती, सिग्नल होता. मग मिटलं. गेल्या दिवाळीत नव्हे, पावसाळ्यात नव्हे, त्याच्याही आधी एकदा आरशात दाढी करताना मला माझा चेहरा दिसला नव्हता, आणि मी दिव्याला शिव्या देऊन हातानेच चाचपून दाढी पुरी केली होती. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, या वहीतही नाही.

सही केली. कुठे करायची ते हिने कागदावर बोट ठेवून दाखवलं.